स्लरी वॉल पहिल्यांदा बांधताय? चर खणायच्या आधी हे वाचून घ्या

बंधाऱ्याखालून पाझर लागलाय, खोल खोदकामात पाणी थांबत नाहीये, किंवा जुन्या कचरा डेपोखालचं घाण पाणी बाजूच्या विहिरींकडे सरकतंय, आणि पंप चालवून चालवून सगळे कंटाळलेत, अशा वेळी कोणीतरी म्हणतंच की स्लरी वॉल टाका. सल्ला चुकीचा नसतो. पण पुढे काय करायचं हे विचारलं की एकतर पाठ्यपुस्तकातला उतारा मिळतो नाहीतर "कॉन्ट्रॅक्टर बघून घेईल" असं उत्तर येतं. मी अशा कामांवर उभा राहिलोय, त्यामुळे नव्याने या कामाला हात घालणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

आधी थोडक्यात काम कसं चालतं ते. जमिनीत अरुंद आणि खोल चर खणायचा, साधारण ०.६ ते १ मीटर रुंद. खणतानाच तो बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी एक बारीक चिकणमाती) आणि पाण्याच्या पातळ चिखलाने म्हणजे स्लरीने भरलेला ठेवायचा, त्यामुळे बाजू कोसळत नाहीत. मग त्याच स्लरीतून माती आणि बेंटोनाइटचा घट्टसर भराव खाली सोडायचा, तो स्लरीला पुढे ढकलत जागा घेतो, आणि जमिनीखाली पाणी अडवणारा एक सलग पडदा तयार होतो. शटरिंग नाही, चरात माणूस उतरत नाही, पाणी उपसावं लागत नाही. ही पद्धत १९४० च्या दशकापासून वापरात आहे.

सगळी काळजी कुठे खर्च करायची हे कळायला हा हिशोब बघा. भिंत ०.७५ मीटर जाड, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ३ मीटरचा फरक, म्हणजे ग्रेडियंट (पातळीतला फरक भागिले जाडी) ४. भिंतीचं क्षेत्रफळ २००० चौरस मीटर आणि पारगम्यता (माती पाणी किती सहज जाऊ देते त्याचं माप) सेकंदाला १०चा उणे ७ वा घात सेंटिमीटर, म्हणजे नेहमी स्पेसिफिकेशनमध्ये मागतात तेवढी. डार्सीच्या नियमाने (पारगम्यता गुणिले ग्रेडियंट गुणिले क्षेत्रफळ) अख्ख्या भिंतीतून दिवसाला साधारण ७०० लिटर पाणी जाईल, म्हणजे काहीच नाही. आता याच भिंतीत कुठेतरी एक चौरस मीटर जागा भरायची राहिली आणि तिथे वाळू आहे, पारगम्यता १०चा उणे २ वा घात. तोच ग्रेडियंट धरला तर त्या एका भोकातून दिवसाला ३४,००० लिटरच्या वर! प्रत्यक्षात आजूबाजूची मातीही थोडा अडथळा करते म्हणून आकडा कमी येईल, पण मुद्दा तोच राहतो. लॅबमध्ये पारगम्यता अजून एक शून्य खाली आणण्यापेक्षा भोक राहू न देणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि भोक राहतं ते बहुतेक वेळा तळाशी, कोपऱ्यात किंवा जोडावर.

१. आधी ठरवा, नक्की काय अडवायचंय आणि ते पाणी जाणार कुठे

अडवलेलं पाणी गायब होत नाही. वरच्या बाजूला पातळी चढते किंवा पाणी भिंतीच्या टोकाला वळसा घालून येतं. म्हणून टोकं कुठे संपवायची, वरच्या बाजूला ड्रेन लागेल का, शेजारच्या विहिरी आणि तळघरांवर काय परिणाम होईल, हे रेघ मारायच्या आधी बघा. चारही बाजूंनी बंद भिंत करत असाल तर आत पडणारा पाऊस बाहेर जाणार नाही, त्यासाठी आतून उपसा किंवा वरून झाकण लागतं. हे विसरून आत तळं झालेलं मी बघितलंय.

दुसरं म्हणजे खाली पाणी न जाऊ देणारा थर, घट्ट चिकणमाती किंवा फटी नसलेला खडक, किती खोल आहे. भिंत त्या थरात रुतली पाहिजे. "थर फार खोल आहे, आपण ९० टक्के खोलीपर्यंत जाऊ" असं म्हणून ९० टक्के पाझर थांबत नाही, खालच्या उरलेल्या फटीतून पाणी जोरात जातं आणि पैसे गेल्यावर हे कळतं.

प्रकार तीन लक्षात ठेवा.

माती-बेंटोनाइट: सगळ्यात स्वस्त, पारगम्यता खूप कमी, पण कधीच कडक होत नाही, मऊच राहते. भार घेणार नाही. हा लेख मुख्यतः याच्यावर आहे.

सिमेंट-बेंटोनाइट: स्लरीतच सिमेंट असतं, खणून झालं की तीच स्लरी चरात घट्ट होते, वेगळा भराव नाही. जागा कमी असेल, उतार असेल किंवा भिंत तुकड्या-तुकड्याने करायची असेल तर हे सोयीचं. साधं सिमेंट वापरलं तर पारगम्यता माती-बेंटोनाइटपेक्षा साधारण दहापट जास्त येते, त्यातलं बरंचसं सिमेंट काढून त्याजागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली बारीक दळलेली मळी) घातला की सुधारते.

काँक्रीटची डायफ्राम वॉल: स्लरीच्या आधाराने खणायचं तत्त्व तेच, पण पॅनल खणून त्यात सळईचा पिंजरा आणि काँक्रीट. ही भार घेते, हिच्या आड खोल खोदकाम करता येतं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायाभोवतीची भिंत याच प्रकारातली, १९६० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली, आणि २००१ मध्ये वरचे टॉवर पडल्यावरही तिने नदीकडचं पाणी आत येऊ दिलं नाही. तुम्हाला नुसता पाझर थांबवायचा असेल तर एवढा खर्च करायची गरज नाही, पण भिंतीला लागून खोल खड्डा करणार असाल तर माती-बेंटोनाइटच्या नादाला लागू नका.

२. बोअर घ्या, आणि भिंतीच्या रेघेवरच घ्या

जवळपासचे जुने बोअर आहेत, त्यावर चालवू, हा पहिला ट्रॅप. चिकणमातीचा थर कागदावर सरळ रेघ दिसतो, जमिनीत तो वरखाली असतो, मध्येच जुन्या ओढ्याच्या पात्राने खाल्लेला असतो. बोअर भिंतीच्या रेघेवर, साधारण ३० ते ६० मीटरला एक, आणि दोन बोअरमध्ये थराची खोली बरीच वेगळी आली की मध्ये अजून एक. थर लागला की लगेच थांबू नका, त्यात दोन-तीन मीटर खाली जा, कारण चिकणमातीचा पातळ पट्टा आणि खरा थर वरून सारखेच दिसतात. तपासणीचे बोअर नंतर ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मिश्रणाने) नीट बंद करून घ्या, नाहीतर तुम्हीच तळाला भोकं पाडून ठेवल्यासारखं होईल.

प्रत्येक थराचं चाळणी विश्लेषण करा (७५ मायक्रॉनच्या खाली किती टक्के जातं हे सगळ्यात महत्त्वाचं), चिकणमातीच्या लिक्विड आणि प्लास्टिक लिमिट (किती ओलाव्याला ती वाहायला लागते आणि किती ओलाव्यापर्यंत तिला आकार देता येतो) काढा, भूजलाची पातळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळची नोंदवा. मोठे दगड, जुना भराव, गाडलेले पाइप, बंद पडलेली गटारं यांची चौकशी जुन्या माणसांकडे करा, नकाशात ते नसतात.

३. कागद आणि सामान

कागद काही फार नाहीत, पण एकही कमी असेल तर काम मध्ये अडतं. बोअर लॉग आणि लांबीच्या दिशेचा छेद, ज्यात चराच्या तळाची अपेक्षित लेव्हल प्रत्येक चेनेजला (भिंतीच्या सुरुवातीपासूनच्या अंतराला) लिहिलेली असेल. जमिनीखालच्या केबल-पाइपची खात्री करून दिलेली लेखी परवानगी. भूजल आणि खोदकामाच्या ज्या परवानग्या तुमच्याकडे लागतात त्या. मिक्स डिझाइनचा लॅब रिपोर्ट. बेंटोनाइटच्या प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट. उरलेली स्लरी आणि माती कुठे टाकणार याची मंजुरी, ही लोक हमखास शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात आणि मग तळ्यात शेकडो घनमीटर स्लरी घेऊन बसतात.

सामान:
- लांब बूमचा पोकलेन. १५ मीटरच्या आसपास खोलीपर्यंत सहज, खास लांब बूम असेल तर २५ मीटरच्या आसपास. त्याच्या खाली केबलवरचा ग्रॅब (जबड्यासारखी बकेट) लागतो.
- स्लरी मिक्सर, स्लरी मुरवायला टाक्या किंवा तळी, पंप, होज
- भराव मिसळायला आणि ढकलायला डोझर, शिवाय एक छोटा पोकलेन
- मार्श फनेल (स्लरीचा दाटपणा मोजायचं नरसाळं) आणि मोजपात्र, मड बॅलन्स (घनता मोजायचा काटा), फिल्टर प्रेस (दाबाखाली स्लरीतून किती पाणी गळतं ते बघायला), वाळूचं प्रमाण काढायचा किट, पीएच पट्ट्या
- स्लम्प कोन (शंकूचा साचा, तो उचलल्यावर भराव जितका खाली बसतो तो स्लम्प), ७५ मायक्रॉनची चाळणी
- जड ओळंबा लावलेली टेप. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि कामाची अर्धी क्वालिटी हिच्यावरच ठरते

४. लॅबमध्ये मिक्स आधी ठरवा

चरातून निघणारी माती, साइटचं पाणी आणि जे बेंटोनाइट खरंच येणार आहे ते, तिन्ही लॅबला द्या. लॅबने नळाचं पाणी वापरून काढलेला रिपोर्ट कामाचा नाही.

भरावाच्या मातीत बारीक कण चांगले हवेत, किमान २० टक्के तरी, ३०-४० असतील तर उत्तम, आणि ते चिकणमातीचे असतील तर अजून चांगलं. निघणारी माती नुसती वाळू असेल तर बाहेरून चिकणमाती आणून मिसळावी लागेल, हा खर्च आधी धरा. त्यात स्लरीतून साधारण एक टक्का बेंटोनाइट आपोआप येतं, वर कोरडं एक ते तीन टक्के घालावं लागतं. भरावाचा स्लम्प १०० ते १५० मिलिमीटर.

पाणी दूषित असेल, खारट, आम्लयुक्त, सॉल्व्हंट असलेलं, तर ते पाणी लॅबमधल्या नमुन्यातून बरेच दिवस जाऊ देऊन पारगम्यता वाढते का ते बघा. बेंटोनाइट फुगतं म्हणून पाणी अडतं, आणि क्षार किंवा काही रसायनं ते फुगणंच कमी करतात. या टेस्टला वेळ लागतो म्हणून ती सगळ्यात आधी सुरू करा.

५. कामाचा प्लॅटफॉर्म

रेघेवर सपाट, टणक, पुरेसा रुंद प्लॅटफॉर्म करा, एका बाजूला पोकलेन, दुसऱ्या बाजूला माती आणि भराव. प्लॅटफॉर्मची लेव्हल भूजलापेक्षा किमान दीड मीटर वर हवी. याचं कारण नीट समजून घ्या कारण पुढे सगळं यावर आहे.

चराच्या बाजू स्लरी "घट्ट असते म्हणून" उभ्या राहत नाहीत. ताज्या स्लरीची घनता १.०३ ते १.०५, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जड. होतं काय, तर स्लरी बाजूच्या वाळूत थोडी घुसते, पाणी पुढे निघून जातं आणि बेंटोनाइटचा काही मिलिमीटरचा चिकट थर, फिल्टर केक, बाजूवर बसतो. आता स्लरीचा दाब या थरावर आतून पडतो आणि बाहेरून भूजलाचा. या दोन दाबांमधला फरक बाजूंना धरून ठेवतो. स्लरी भूजलापेक्षा किमान एक मीटर वर असेल तर हा फरक मिळतो, नसेल तर नाही. भूजल प्लॅटफॉर्मला लागलेलं असेल तर आधी भराव टाकून प्लॅटफॉर्म उचला, दुसरा उपाय नाही.

६. स्लरी बनवणं

हजार लिटर पाण्याला साधारण ५० किलो बेंटोनाइट, म्हणजे ५ टक्के, लॅबप्रमाणे ४ ते ६. सोडियम बेंटोनाइटच घ्या. कॅल्शियमवालं कमी फुगतं आणि दोन्ही पोत्यात सारखीच दिसतात, म्हणून लॉट आला की साइटवरच एक बादली बनवून बघा. पाणी जड असेल तर स्लरी जमत नाही, गुठळ्या होऊन खाली बसते आणि वर स्वच्छ पाणी दिसायला लागतं, अशा वेळी पाण्यात आधी सोडा ॲश घालून ते मऊ करून घ्यायचं, बेंटोनाइट वाढवत बसायचं नाही.

मिसळल्यावर ती मुरू द्या. साधा मिक्सर असेल तर रात्रभर, किमान ८ तास, मध्येमध्ये फिरवत. हाय शिअर (जोरात घुसळणाऱ्या) मिक्सरला वेळ कमी लागतो. घाईत लगेच चरात सोडलेली स्लरी चरात जाऊन फुगते, आणि तोपर्यंत वाळूत बरीच वाहून गेलेली असते.

मार्श फनेलची टेस्ट नव्या माणसाने स्वतःच्या हाताने करून बघावी. फनेलच्या खालच्या नळीवर बोट दाबायचं, वरच्या जाळीतून दीड लिटर स्लरी ओतायची, बोट काढून ९४६ मिलिलिटर खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पाण्याला २६ सेकंद लागतात, आणि दिवसाची सुरुवात पाण्यानेच करा, २६ आले नाहीत तर नळी अडकलीये किंवा झिजलीये. स्लरीला साधारण ४० च्या आसपास हवेत, ३६ च्या खाली आली तर चरात सोडू नका. एक गोंधळ कायम होतो, काही जण ९४६ ऐवजी पूर्ण १००० मिलिलिटरला मोजतात आणि मग दोन शिफ्टचे आकडे जुळत नाहीत, तर कागदावर पात्राचं माप लिहून ठेवा.

बाकी टेस्ट: मड बॅलन्सवर घनता, पीएच ६.५ ते १० मध्ये, फिल्टर प्रेसमध्ये ७ बारच्या आसपास दाबाला ३० मिनिटांत निघणारं पाणी २० ते २५ मिलिलिटरच्या आत. प्रेस उघडल्यावर कागदावरचा केक बोटाने दाबून बघा, पातळ, गुळगुळीत, चिवट हवा. जाड आणि रवाळ लागला तर बेंटोनाइट किंवा पाणी, दोन्हीपैकी एक बिघडलंय.

कोरडं बेंटोनाइट ओतणाऱ्यांना चांगला डस्ट मास्क द्या. त्या धुळीत सिलिका असते, आणि सांडलेल्या स्लरीवर माणूस बर्फासारखा घसरतो.

७. चर खणणं

पोकलेनने खणत मागे सरकायचं आणि बकेट वर आली की लगेच स्लरी भरायची. पातळी प्लॅटफॉर्मच्या खाली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. यासाठी एक माणूस फक्त पातळी बघायला नेमा, त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, अगदी चहा आणायचंसुद्धा नाही.

स्लरी अचानक खाली जायला लागली तर समजा खडीचा पट्टा, जुना पाइप किंवा गाडलेलं गटार लागलं. आधी पोकलेन चरापासून लांब घ्या, मग राखीव स्लरी सोडा, चर सावरत नसेल तर तिथे माती किंवा तयार भराव ढकलून तो भाग भरून टाका आणि शांतपणे विचार करा. लाकडाचा भुसा किंवा चिकणमाती स्लरीत मिसळून गळती बुजवता येते, पण ते सगळं आधी साइटवर आणून ठेवलेलं असलं पाहिजे. राखीव स्लरीही रोज संध्याकाळी टाकीत असलीच पाहिजे, कारण रात्री पातळी उतरते आणि रात्री कोणी नसतं. म्हणून रात्रीचा वॉचमन पण टॉर्च आणि पंपाची चावी असलेला हवा.

पोकलेन, ट्रक आणि मातीचे ढीग चराच्या काठापासून शक्य तेवढे लांब. दगड काठावरून आत पडू देऊ नका. आणि सुरक्षेचं सगळ्यात महत्त्वाचं: भरलेला चर वरून घट्ट चिखलाच्या वाटेसारखा दिसतो, त्यावर पाय ठेवणारा माणूस किंवा जनावर सरळ आत जातो आणि स्लरीतून वर येणं फार अवघड. पूर्ण लांबीला कुंपण, रात्री दिवे, आणि काठावर दोर बांधलेल्या रिंगा. इथे काटकसर करायची नाही.

८. तळ

इथे थांबून वाचा. भिंत पाणी न जाऊ देणाऱ्या थरात किमान ०.६ ते १ मीटर रुतली पाहिजे. स्लरीखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे पुरावा फक्त दोनच गोष्टींचा, बकेटमध्ये काय आलं आणि टेप काय सांगते.

थर लागला की बकेटच्या दातांवर माती वेगळी दिसते, वाळू गळून जाते आणि चिकणमाती दातांच्या मध्ये ढेकळं धरून वर येते, कापलेला भाग चकचकीत असतो. ढेकूळ फोडून बघा, वरून स्लरीने माखलेली वाळूपण तशीच दिसते आणि ऑपरेटर घाईत "लागला लागला" म्हणतो. फोडल्यावर आत कोरडी, मूळ रंगाची चिकणमाती दिसली तरच खरं. ती खोली त्या चेनेजला लिहा, तिथून खाली रुतण्याची खोली मोजा, नमुना पिशवीत भरून लेबल लावा. हे काम जिऑलॉजिस्टने किंवा अनुभवी इंजिनिअरने उभं राहून करायचं, ऑपरेटरच्या शब्दावर नाही. ड्रॉइंगमधली लेव्हल आली पण चिकणमाती नाही आली, तर अजून खाली जायचं. ड्रॉइंग अंदाज असतो.

मग तळ साफ करा. खणताना उडालेली वाळू स्लरीत तरंगत असते आणि रात्रभरात खाली बसते. सकाळी भराव टाकायच्या आधी प्रत्येक ३ ते ६ मीटरवर ओळंबा सोडा आणि कालच्या आकड्याशी ताडून बघा. तळ १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वर आला असेल तर बकेटने, ग्रॅबने किंवा एअरलिफ्टने (हवेच्या जोरावर गाळ वर ओढणाऱ्या नळीने) काढा. ओळंबा टणकन बसतो की मऊ रुततो हे हाताला कळतं, दोन-चार दिवसांत सवय होते. स्लरीत वाळू फार झाली, घनता वाढतच चालली, तर स्लरी बदला किंवा डीसँडरमधून (वाळू वेगळी करणाऱ्या यंत्रातून) काढा.

वरच्या हिशोबातलं ते एक चौरस मीटरचं भोक बहुतेकदा इथेच असतं, तळाला वाळूचा पट्टा राहिला आणि त्यावर भराव बसला. वरून भिंत एकदम मस्त दिसते.

९. भराव मिसळणं आणि टाकणं

चराच्या कडेला किंवा वेगळ्या सपाट जागेवर माती पसरा, मोठे दगड काढा, कोरडं बेंटोनाइट वजन करून पसरा, आणि ओलावा स्लरीने द्या, साध्या पाण्याने नाही. डोझर त्यावरून पुढेमागे फिरवत राहायचा, ढेकळं फुटून एकजीव होईपर्यंत. कोरड्या बेंटोनाइटचे पांढरट ठिपके दिसत असतील तर अजून मिसळलेलं नाही. स्लम्प रोज अनेकदा काढा. १०० च्या खाली असेल तर तो चरात उभा राहतो आणि मध्ये पोकळी राहते, १५० च्या फार वर गेला तर खूप लांब पसरतो आणि नंतर जास्त खचतो. भरावाची घनता चरातल्या स्लरीपेक्षा घनमीटरला किमान २४० किलोने जास्त हवी, नाहीतर तो स्लरीला नीट ढकलत नाही. म्हणजे चरातली स्लरी जड होत गेली तर भरावाचं काम बिघडतं, हा धागा लक्षात ठेवा.

आता टाकायची पद्धत. भराव वरून स्लरीत धपकन टाकायचा नाही, कधीच नाही. पडताना खडी वेगळी होते आणि मध्ये स्लरीचे कप्पे अडकतात. सुरुवातीला ट्रेमी पाइपने (तळापर्यंत सोडलेल्या उभ्या नळीने) किंवा ग्रॅबने तळाला नेऊन सोडायचा, किंवा चराच्या सुरुवातीला एक तिरका उतार जास्तीचा खणून त्यावरून सरकवायचा. भरावाचा ढीग एका ठिकाणी पृष्ठभागापर्यंत आला की पुढचं सोपं, त्या माथ्यावर डोझरने भराव ढकलत राहायचा, तो उतारावरून हळूहळू सरकत खाली जातो आणि स्लरी पुढे जाते.

हा उतार फार सपाट असतो, ५ ते १० आडवे तर १ उभा. नवीन लोक इथेच फसतात. १० मीटर खोल चरात उताराचा पाया माथ्यापासून ५० ते १०० मीटर लांब! त्यापुढे खणण्याचा भाग आणि भरावाचा पाया यांच्यात १० ते ३० मीटर मोकळं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे तळ साफ करायला जागा राहते. म्हणजे एकाच वेळी एवढा लांब चर उघडा, एवढी स्लरी लागणार. तुमची एकूण भिंतच ८० मीटरची असेल तर माती-बेंटोनाइट जवळपास जमतच नाही, सिमेंट-बेंटोनाइटकडे वळा. स्लरीचा हिशोब भिंतीच्या लांबीवर नाही, उघड्या चराच्या लांबीवर करा आणि गळतीसाठी भरपूर जास्त धरा.

उताराचाही ओळंब्याने सकाळ-संध्याकाळ छेद काढा. दोन छेद कागदावर एकावर एक ठेवले की दिसतं: उतार समांतर पुढे सरकला तर ठीक, मध्येच फुगवटा किंवा खड्डा दिसला तर बाजू कोसळून माती आत पडली असेल किंवा वाळू बसली असेल. ती काढल्याशिवाय पुढचा भराव टाकायचा नाही, मग ठेकेदार कितीही ओरडला तरी.

कोपऱ्यात दोन्ही चर एकमेकांना छेदून पुढे न्या, पूर्ण खोलीपर्यंत. पोकलेनची बकेट वक्राकार फिरते, त्यामुळे वरून कोपरा जुळलेला दिसतो आणि तळाला त्रिकोणी माती तशीच राहते. काम काही दिवस बंद पडलं तर परत सुरू करताना झालेल्या भरावात किमान दीड-दोन मीटर मागे जाऊन पुन्हा खणा.

१०. वरची टोपी

भराव झाला की काम संपत नाही. तो पहिल्या काही आठवड्यांत खचतो, आणि उघडा राहिला तर सुकून त्याला भेगा पडतात. लगेच ओलसर मातीचा अर्धा मीटरचा तात्पुरता थर टाका. खचणं थांबलं की वरचा सुकलेला, भेगाळलेला भाग खरवडून काढा आणि चिकणमातीचे १५ ते २० सेंटिमीटरचे थर दाबत पक्की टोपी करा. भिंतीवरून गाड्या जाणार असतील तर तिथे जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं मजबूत कापड) आणि खडीचा रुंद थर किंवा स्लॅब देऊन ठरावीक क्रॉसिंग करा, बाकी ठिकाणी गाडी चढली की चाक रुततं आणि टोपी फाटते. झाडं लावू नका.

११. चाललंय की नाही हे बघणं

भरावाचे नमुने रोज टाकायच्या आधी घेऊन लॅबमध्ये फ्लेक्सिबल वॉल सेलमध्ये (नमुना रबरी पडद्यात गुंडाळून तपासायच्या उपकरणात) पारगम्यता काढायची. रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोपर्यंत त्या भागावर अजून बरीच भिंत झालेली असते, म्हणून रोजचा स्लम्प, चाळणी आणि बेंटोनाइटचं वजन यावरच खरं नियंत्रण असतं. झालेल्या भिंतीत बोअर मारून नमुने घेण्याचा आग्रह काही जण धरतात. मला तो फारसा पटत नाही, मऊ भरावातून नमुना धड निघत नाही, बोअर तिरका गेला तर भिंतीच्या बाहेर पडतो, आणि भोक नीट बंद केलं नाही तर नवीनच पंचाईत.

त्यापेक्षा पिझोमीटरच्या (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्यांच्या) जोड्या बसवा, एक आत एक बाहेर, समोरासमोर, ठरावीक अंतराने, आणि वाचन भिंत बांधायच्या आधीपासून सुरू करा, नाहीतर तुलना कशाशी करणार. भिंत पूर्ण झाल्यावर आतून पंप लावा. आतली पातळी उतरते आणि बाहेरची जागेवर राहते तर ठीक. एखाद्या जोडीत बाहेरचा पिझोमीटरही आतल्याबरोबर खाली जात असेल, तर त्या चेनेजची तळाच्या नोंदींची वही काढा, बकेटमधल्या नमुन्यांच्या पिशव्या काढा आणि त्या दिवशीचे दोन छेद एकमेकांवर ठेवून बघा. बहुतेक वेळा जागा दोन-चार मीटरपर्यंत सापडते, आणि तेवढ्याच भागात पुन्हा खणून किंवा ग्राउटिंग करून काम भागतं. वही नसेल तर अख्खी भिंत शोधत फिरायला लागतं.